गाणे चळवळीचे, पण गायकाच्या पोटाचे काय?

आपल्या प्रत्येक वस्तीत एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी असते, जिचा आवाज सगळ्यांना माहीत असतो. १४ एप्रिलला तिच्या हातात माइक येतो, बुद्धपौर्णिमेला विहारात तिला बोलावणे असते, लग्नात मंगलपरिणयाआधीची दोन गीते तिनेच म्हणायची असतात. मे महिना संपला की तेच लोक त्याच मुलीला विचारतात, "बाकी, काम काय करतेस?"

गाण्याकडे पाहण्याची आपली सगळी दृष्टी या एका प्रश्नात आली आहे. गाणे आपल्याला हवे आहे. पण गाणे हेही काम आहे, हे आपण अजून मान्य केलेले नाही.

वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करताना करिअरचा विषय निघतोच. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय याबद्दल मुले सगळ्यांसमोर बोलतात. संगीतात काही करायचे आहे असे सांगणारी मुले मात्र बाकीचे उठून गेल्यावर हळूच येतात. त्यांच्या काळज्या साधारण सारख्याच असतात. घरचे म्हणतात, वय आहे तोवर नोकरी बघ, गाणे काय नंतरही गाता येईल. मंडळे बोलावतात, पण पैशाचे स्पष्ट कोणी बोलत नाही. गाणे यूट्यूबवर टाकले, लोकांनी स्टेटसला ठेवले, खात्यात काही जमा झाले नाही. आणि एक काळजी ती मुले सगळ्यात शेवटी, थोड्या संकोचाने सांगतात: "भीमगीतं गायली तर फक्त भीमगीतंच गायला बोलावतात. नाही गायली तर आपलेच लोक नावं ठेवतात."

हे त्या मुलांचे खासगी दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या समाजाने आपली चळवळ गाण्यातून गावोगाव नेली, त्या समाजात गाणाऱ्याला जगण्याची खात्री नसेल, तर दोष एकट्या बाजाराचा नाही. आपल्या व्यवहाराचाही आहे.

वारसा मोठा, हिशेब मात्र नाही

आंबेडकरी जलशांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या काळातील जलसाकारांनी अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. बाबासाहेबांनी जलशांना किती महत्त्व दिले होते, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. ते स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी हजारो गीते रचली आणि ती गात महाराष्ट्र पालथा घातला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज कव्वालीच्या सामन्यांतून आणि पुढे कॅसेटमधून घराघरात गेले. अलीकडे एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवर फिरलेल्या व्हिडिओमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाल्या.

विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असताना मंचावरच कोसळले आणि गेले. ही आठवण आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. निष्ठेच्या अशा गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. पण त्या शाहिराच्या मागे बसून ढोलकी वाजवणाऱ्याला रात्रीचे किती मिळत होते, त्याचे घर पावसाळ्यात कशावर चालत होते, हे कुणी लिहून ठेवले नाही. आजच्या तरुण कलाकाराची काळजी नेमकी तिथे आहे. त्याला वारसा मिळाला आहे, पण त्या वारशावर घर कसे चालवायचे हे सांगणारे कुणी नाही.

शाल-श्रीफळ हे नवे बलुते आहे

गावगाड्यात हलगी, डफ, सनई वाजवणे हे बहुतेक ठिकाणी अस्पृश्य जातींच्या वाट्याला आलेले काम होते. लग्न असो, जत्रा असो की मयत, बोलावणे आले की जायचे. मोबदला धान्याचा किंवा उरल्यासुरल्याचा, तोही देणाऱ्याच्या मर्जीचा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते काम नव्हते, जातीचे कर्तव्य होते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, त्यामागचा मुद्दा आठवून पाहा. महार वतनदाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, कोणकोणती कामे करायची हे ठरलेले नाही आणि मोबदल्याची खात्री नाही, अशी ती तक्रार होती. काम ठरवा, मोबदला ठरवा, नाहीतर माणसाला त्यातून मोकळे करा.

आता आपल्या जयंती मंडळाची बैठक डोळ्यांसमोर आणा. मंडपवाल्याचे बिल ठरते. डीजेवाल्याचा इसार महिनाभर आधी जातो. जेवणाच्या कंत्राटदाराशी ताटामागे भाव होतो. वस्तीतल्या गायन पार्टीचा विषय आला की कुणीतरी म्हणते, "तो आपलाच पोरगा आहे, त्याला काय द्यायचे ते बघू नंतर." कार्यक्रम रात्री उशिरा संपतो. शाल, श्रीफळ, प्रतिमा, टाळ्या. पाकीट मिळाले तर मिळाले. किती वेळ गायचे हे ठरलेले नसते, किती मिळणार हे ठरलेले नसते, आणि विचारले तर "समाजासाठी एवढेही करणार नाहीस का" हे ऐकावे लागते.

ज्या रीतीतून आपल्या आजोबा-पणजोबांनी मान सोडवून घेतली, तीच रीत आपण आपल्या मुलांशी वापरतो आहोत. फक्त धान्याच्या जागी शाल आली आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मंडळे श्रीमंत नसतात. वर्गणी मजुराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, रिक्षावाल्याच्या खिशातून येते. चळवळीचे गाणे बाजारात मांडले तर फक्त मोठ्या नावाचे गायक परवडतील आणि प्रबोधन मागे पडेल, ही भीतीही रास्त आहे. पण माझे म्हणणे मोठी रक्कम द्या असे नाही. जी असेल ती आधी सांगा, असे आहे. पाच हजारच आहेत तर पाच हजार सांगा, गायक होय किंवा नाही म्हणेल. मोर्चात, संपावर बसलेल्या कामगारांसमोर, अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या सभेत आपले कलाकार पैसे न घेता गात आले आहेत, पुढेही गातील. फुकट गाणे हा गायकाचा निर्णय असावा, आयोजकाचा नसावा.

धम्माच्या अंगानेही हे तपासता येते. अष्टशीलात नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्याचे शील आहे, म्हणून संगीताचा धंदा कमी दर्जाचा असे म्हणणारे उपासक भेटतात. ते शील उपोसथाच्या दिवसाचे आहे, गृहस्थाच्या रोजच्या पंचशीलात ते नाही. उपासकाने करू नयेत म्हणून जे पाच व्यापार सांगितले आहेत, ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे आहेत. त्यांत गाणे नाही. दीघ निकायात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा तथागत त्याच्या तारांचा आणि स्वराचा मेळ वाखाणतात. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, आणि तिची जबाबदारी जशी कमावणाऱ्यावर आहे तशी काम करवून घेणाऱ्यावरही आहे.

एका कार्यक्रमाचा साधा हिशेब

भावना बाजूला ठेवून आकडे मांडून पाहू. आकडे ठिकाणानुसार बदलतील, म्हणून हे समजा म्हणून घ्या. एका पार्टीला ४०,००० रुपयांची सुपारी मिळाली. गाडी, डिझेल, टोल ६,०००. ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कोरस, निवेदक असे सात साथीदार, प्रत्येकी ३,००० धरले तर २१,०००. कार्यक्रम मिळवून देणाऱ्याचे ४,०००. जेवण, कपडे, वाद्यांची दुरुस्ती ३,०००. खर्च झाला ३४,०००. मुख्य गायकाच्या हाती उरले ६,०००.

हंगामात असे वीस कार्यक्रम झाले, तर मुख्य गायकाचे वर्षाचे १,२०,००० होतात, म्हणजे महिन्याला १०,०००. ढोलकीवाल्याचे वर्षाचे ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. रेकॉर्डिंग, व्हिडिओ, रियाजासाठी जागा यांचा खर्च यात धरलेलाच नाही. चाळीस हजारांची सुपारी ऐकून "पोरगा कमावतोय" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

दुसरी अडचण हंगामाची. आपले बहुतेक कार्यक्रम फेब्रुवारीतील रमाई जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत येतात, त्यातही एप्रिलमध्ये एकाच रात्री चार ठिकाणचे बोलावणे. जूननंतर शांतता, ती थेट अशोक विजयादशमीपर्यंत. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी एप्रिलमध्येच टाळेबंदी आणि निर्बंध आले आणि कलाकारांचे सलग दोन हंगाम बुडाले. वर्षभराची कमाई दोन महिन्यांवर टांगलेली असली की काय होते, ते तेव्हा दिसले.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. कार्यक्रम रात्रीचे, प्रवास दूरचा, परतीची सोय नाही, कपडे बदलायला जागा नाही. घरचे "नको" म्हणतात तेव्हा त्यांना मागासलेले ठरवून आपण मोकळे होतो. मंडळाने सोय केली असती तर त्यातल्या किती जणींना परवानगी मिळाली असती, हेही विचारायला हवे.

गाणे कोणाच्या नावावर?

मंचावरचा पैसा मंचावरच संपतो. गाण्यातून पुढे येणारा पैसा हक्कातून येतो, आणि इथे आपली तरुणाई सर्वांत कच्ची आहे.

कॅसेटच्या काळात एकरकमी पैसे घेऊन गाणे देऊन टाकण्याची रीत होती. गाणे पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिले, लिहिणाऱ्याच्या घरी पुन्हा काही आले नाही. आज कायदा तसा राहिलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा राहतो, आणि तो वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे व्हॉट्सअॅपवर "गाणं दिलं तुला" म्हटल्याने गाणे कायमचे जात नाही. उलट न वाचता सही केल्याने मात्र बरेच काही जाते.

वामनदादा २००४ मध्ये गेले. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यांच्या रचनांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. त्यांची गीते नव्या चालीत, रॅपमध्ये घालून चॅनेलवर टाकणाऱ्या मुलांना हे माहीत नसते. मग तक्रार येते, व्हिडिओ उतरतो किंवा त्याचे उत्पन्न दुसऱ्याकडे वळते आणि मुलांना वाटते आपल्यावर अन्याय झाला. परवानगी कोणाकडून घ्यायची, हे आधी शोधणे हाच कामाचा पहिला भाग आहे.

तमिळनाडूचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला रॅपर अरिवु. २०२१ मध्ये आलेले त्याचे 'एंजॉय एंजामी' देशभर गाजले. मळ्यात राबलेल्या आपल्या पूर्वजांचे जगणे त्याने त्यात आणले होते. पण एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका होती, अरिवु नव्हता, आणि पा. रंजित यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. गाणे कोणी किती रचले यावरही पुढे वाद झाला. २०२४ मध्ये तर संगीतकार संतोष नारायणन यांनीच जाहीरपणे सांगितले की या गाण्यातून तिघांपैकी कोणालाही पैसे मिळालेले नाहीत. कोट्यवधींनी ऐकलेल्या गाण्याची ही कथा असेल, तर आपल्या गल्लीतल्या मुलाने कागदाकडे किती लक्ष द्यायला हवे, याचा विचार करा.

यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे ही नेहमीची अट आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. त्यातच आता मजकूर दिला की काही मिनिटांत गाणे तयार करणारी साधने आली आहेत. मंडळाचे नाव घातलेले गाणे फुकट मिळत असेल तर गायकाला कोण विचारेल, ही भीती तरुणांना आहे. तिचे उत्तर एकच: ज्या कार्यक्रमाला जिवंत माणूस समोर गातो, त्याची किंमत समाजाने ठरवायची.

शिक्क्याची भीती

आता शेवटची, संकोचाने सांगितली जाणारी काळजी. प्रल्हाद शिंदे यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी आषाढीला सगळा महाराष्ट्र ऐकतो, कव्वालीही त्यांनी तितक्याच ताकदीने गायली. म्हणजे आपल्या कलाकाराचा गळा कधीच एका खणापुरता नव्हता. खण पाडले ते बाजाराने, आणि काही प्रमाणात आपणही. मुलाने गझल, चित्रपटसंगीत किंवा शास्त्रीय गायले की तो "तिकडे गेला" असे म्हणणे सोडले पाहिजे. पंजाबची गिन्नी माही पंजाबी पॉपच्या ठेक्यावर बाबासाहेबांची गाणी गाते आणि ती नव्या पिढीपर्यंत पोहोचतात. ज्याचा रियाज पक्का, तो चळवळीचे गाणेही चांगलेच गाणार.

राजकीय गाण्याची जोखीम वेगळी आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या राजकारणावर रॅप करणाऱ्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. अशा वेळी पोस्ट शेअर करणारे पुष्कळ असतात, वकील उभा करणारे थोडे. तरुणाने धाडसी गावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या मागे उभे राहण्याची व्यवस्था आधी हवी.

काय करता येईल

संगीतात उतरू पाहणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, नोकरी सोडून गाण्यात उडी घ्या असे मी सांगणार नाही. घरच्यांची भीती खरी आहे, कारण त्यांनी उपासमार पाहिली आहे. गाण्याला पहिली काही वर्षे दुसऱ्या कमाईचा टेकू लागतो, आणि तो संगीताच्याच जवळचा असेल तर बरे: शिकवणी, साउंडचे काम, रेकॉर्डिंग-मिक्सिंग, जिल्हा माहिती कार्यालय योजनांच्या प्रचारासाठी घेते त्या कलापथकांचे काम. प्रत्येक गाण्याची वही ठेवा: कोणी लिहिले, चाल कोणाची, कोणी वाजवले, कधी रेकॉर्ड झाले. स्वतः लिहीत किंवा चाल देत असाल तर आयपीआरएस या नोंदणीकृत संस्थेचे सभासद होण्याची माहिती घ्या. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलाकारांसाठी दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, लोककलाही त्यात येतात. त्यासाठी गुरू किंवा संस्थेकडे पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. गायन पार्टीत शिकलेल्या मुलाला असा दाखला देणे, हे आपल्या ज्येष्ठ कलाकारांना सहज करता येईल.

मंडळांनी आणि विहार समित्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, सुपारी कितीही लहान असो, रक्कम, वेळ आणि इसार एका कागदावर लिहून द्यावा. दोन, बाहेरून येणाऱ्या कलाकारांची, विशेषतः मुलींची, राहण्या-जाण्याची सोय खर्चात धरावी. तीन, वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते. त्याच काळात महिन्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या तरुण कलाकाराला ठरलेल्या मानधनावर द्यावी. हंगामाबाहेर पडणारा खड्डा एवढ्याने बुजणार नाही, पण उथळ होईल.

शासनाकडेही मागणी हवी. बार्टी स्पर्धा परीक्षा आणि बँक भरतीचे प्रशिक्षण देते, ते गरजेचेच आहे. ध्वनिमुद्रण, संगीत निर्मिती आणि कलाकारांचे कायदेशीर हक्क यांचे प्रशिक्षण तिथे का नसावे? ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार मानधन देते, पण ते उतारवयात. विशीतल्या कलाकाराला तिथवर टिकायचे कसे, यासाठी फारसे काही नाही. विद्यार्थी संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा यायला हवा.

पुढच्या जयंतीची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीत होते. त्या बैठकीत बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने मंडपाच्या आणि डीजेच्या आकड्याआधी एक आकडा विचारावा: आपल्या वस्तीतल्या गायकाला आपण किती देणार, आणि ते त्याला कधी सांगणार? आकडा लहान असला तरी चालेल. तो इतिवृत्तात लिहिलेला असावा.

जयभीम.